गुन्ह्याच्या बातमीतील वंशाचा उल्लेख: ‘एपी स्टाइलबुक’चे परीक्षण

अमेरिकेतील ‘असोसिएटेड प्रेस’ अर्थात ‘एपी’ या वृत्तसंस्थेचे ‘स्टाइलबुक’ इंग्रजी वृत्तपत्रांच्या डेस्कवर संक्षेप, आकडे, पदनामे आणि विरामचिन्हे तपासण्यासाठी उघडले जाते, आणि बहुतेक उपसंपादकांची त्याच्याशी ओळख तेवढ्यापुरतीच राहते. हे परीक्षण त्यातील एका वेगळ्या भागाचे आहे. गुन्ह्याच्या बातमीत संशयिताचा किंवा आरोपीचा वंश केव्हा लिहावा, केव्हा लिहू नये आणि लिहिलेला केव्हा काढून टाकावा, याविषयी या पुस्तकात सविस्तर सूचना आहेत. २०१९ मध्ये वंशविषयक वार्तांकनाचा भाग विस्तारला गेला आणि २०२४ च्या ५७व्या आवृत्तीत फौजदारी न्यायव्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण आले. परदेशी वृत्तसंस्थांचा मजकूर मराठीत आणण्याचे काम करताना हा भाग मला सतत लागतो. वाक्य सुधारण्याचे काम हे पुस्तक इतक्या चोखपणे करते की प्रत्येक वृत्तकक्षात ते असायला हवे, असे माझे मत आहे. मात्र वंशाचा पूर्वग्रह बातमीत शिरण्याच्या बऱ्याच वाटा वाक्याच्या बाहेर असतात, आणि तेथे ते फारशी सोबत करत नाही.

मूळ नियम थोडक्यात असा, की एखाद्याचा वंश लिहिण्यापूर्वी तो बातमीशी खरोखर संबंधित आहे का, हे तपासावे. संबंध नसेल तर लिहू नये. पुस्तक येथेच थांबले असते तर ते निरुपयोगी ठरले असते, कारण ‘संबंधित’ कशाला म्हणायचे यावरच तर डेस्कवर वाद होतात. त्याचे बलस्थान पुढच्या तपशिलात आहे. पोलीस एखाद्याचा शोध घेत असतील किंवा कोणी बेपत्ता असेल, तर वर्णनाचा भाग म्हणून वंश देता येतो. मात्र ते वर्णन विश्वासार्ह आणि पुरेसे तपशीलवार असले पाहिजे, हा निकष सर्व वंशांना सारखाच लागू झाला पाहिजे, आणि ती व्यक्ती पकडली गेली किंवा सापडली की वंशाचा उल्लेख काढून टाकला पाहिजे.

या नियमाची धार प्रत्यक्ष मजकुरावर चालवून पाहिली म्हणजे कळते. समजा, डेस्कवर असे वाक्य आले आहे: ‘रविवारी रात्री दुकान लुटून पळालेला संशयित कृष्णवर्णीय, विशीतील, मध्यम बांध्याचा असून त्याने गडद रंगाचे जॅकेट घातले होते, असे पोलिसांनी सांगितले.’ वाचताना हे वर्णन माहितीने भरलेले वाटते. पण या वर्णनावरून कोणालाही ओळखता येणार नाही. विशीतले, मध्यम बांध्याचे आणि गडद जॅकेट घालणारे हजारो तरुण त्या शहरात असतील. या वाक्यातून वाचकाच्या मनात उरते ती फक्त कातडीच्या रंगाची नोंद. पुस्तकाच्या निकषाने हा सगळा तुकडा कापला जातो आणि बातमी ‘रविवारी रात्री दुकान लुटणाऱ्या संशयिताचा पोलीस शोध घेत आहेत’ एवढीच राहते. याउलट डाव्या गालावरचा व्रण, लंगडणारी चाल, गाडीचा रंग आणि प्रकार इतके तपशील मिळाले असतील, तर त्यांच्या जोडीने वंशही राहू शकतो, कारण तेव्हा तो ओळख पटवण्याच्या कामी येतो. पोलिसांचे वर्णन जसेच्या तसे उतरवण्याची सवय किती खोलवर गेली आहे, हे ज्यांनी रात्रपाळीत पाहिले आहे, त्यांना हा निकष हाताशी असणे म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. ‘मला हे बरोबर वाटत नाही’ असे कनिष्ठ उपसंपादकाने म्हटले तर त्याचे कोणी ऐकत नाही. नियम दाखवला तर ऐकावे लागते.

पकडल्यावर वंश काढून टाकण्याची सूचना मात्र छापील दैनिकाच्या काळाला जास्त जुळणारी आहे. उद्याच्या अंकात तो उल्लेख नसेल, पण परवाची बातमी संकेतस्थळावर तशीच पडून असते आणि नाव शोधणाऱ्यापुढे तीच पहिल्यांदा येते. ही उणीव काही वृत्तकक्षांनी स्वतःहून भरून काढली आहे. क्लीव्हलँडच्या ‘क्लीव्हलँड डॉट कॉम’ने २०१८ मध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या जुन्या बातम्यांतून नावे काढण्याचे अर्ज घ्यायला सुरुवात केली, ‘बोस्टन ग्लोब’ने जानेवारी २०२१ मध्ये ‘फ्रेश स्टार्ट’ नावाने तशीच सोय केली. अटकेनंतर पोलिसांनी काढलेल्या छायाचित्रांच्या, म्हणजे मगशॉटच्या, मालिका ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ने २०२० मध्ये बंद केल्या, आणि त्याच वर्षी इतरही अनेक वृत्तपत्रांनी तसे केले. स्वतः एपीने जून २०२१ मध्ये जाहीर केले, की ज्या किरकोळ गुन्ह्याचा पुढे पाठपुरावा होण्याची शक्यता नाही, त्याच्या बातमीत संशयिताचे नाव दिले जाणार नाही. या निर्णयाचे महत्त्व मी वंशाच्या नियमाहून कमी मानत नाही. अटक झाल्याची बातमी चार ओळींत येते आणि निर्दोष सुटल्याची बातमी बहुधा येतच नाही. ज्या समाजातील लोकांना पोलीस अधिक वेळा अडवतात, त्याच समाजाची नावे अशा चार ओळींत अधिक साठत जातात.

पोलिसांच्या गोळीबाराविषयीची सूचनाही तितकीच मोलाची आहे. अमेरिकी पोलिसांच्या पत्रकांत गोळी कोणी झाडली हे न सांगता ‘पोलीस अधिकाऱ्याचा संबंध असलेला गोळीबार’ अशा अर्थाची मोघम शब्दरचना असते. ती वापरू नका, काय घडले ते नेमके लिहा, असे पुस्तक बजावते. याची गरज कोणाला पटत नसेल, तर त्याने मिनियापोलिस पोलिसांनी मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर काढलेले पहिले पत्रक वाचावे. पोलिसांशी संपर्क आला असताना वैद्यकीय कारणाने एक माणूस मरण पावला, असे त्याच्या मथळ्यात होते. पोलीस अधिकाऱ्याने फ्लॉइड यांच्या मानेवर दाबून धरलेल्या गुडघ्याचा उल्लेखही त्यात नव्हता. एका सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या फोनवर केलेले चित्रीकरण समोर आले नसते, तर त्या पत्रकाचीच बातमी झाली असती. आपल्याकडे ‘चकमकीत ठार’ हे शब्द पोलिसांच्या तोंडून थेट मथळ्यात जातात, तेव्हा हीच चूक घडत असते.

वंशविद्वेषी कृत्याला वंशविद्वेषी म्हणा, ‘वांशिक तणावाचे’ अशा गुळमुळीत विशेषणांआड लपू नका, ही २०१९ ची सूचना स्पष्ट आणि योग्य आहे. कृष्णवर्णीयांसाठीचा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षराने सुरू करण्याच्या जून २०२० च्या निर्णयाचा अमेरिकेत बराच गाजावाजा झाला. देवनागरीत लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्या अधिक विस्ताराने मांडणे मला आवश्यक वाटते. पुस्तकाचा सगळा भर वंशवाचक शब्द असण्या-नसण्यावर आहे. पण वंशाचा एकही शब्द न वापरता बातमी वंशावर लिहिता येते, आणि अमेरिकी पत्रकारितेतील सर्वांत लाजिरवाणी प्रकरणे याच जातीची आहेत. एप्रिल १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका तरुणीवर अमानुष अत्याचार झाला आणि १४ ते १६ वर्षांच्या पाच कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांना अटक झाली. वृत्तपत्रांनी त्यांना लांडग्यांची टोळी म्हटले. ती अल्पवयीन असूनही त्यांची नावे आणि पत्ते छापले गेले, आणि खटला उभा राहण्याच्या आधीच शहराच्या चार वृत्तपत्रांत फाशीची शिक्षा परत आणण्याची मागणी करणाऱ्या पूर्ण पानाच्या जाहिराती झळकल्या; त्या डोनाल्ड ट्रम्प यांनी दिल्या होत्या. मुले दोषी ठरली. २००२ मध्ये दुसऱ्याच एका कैद्याने कबुली दिली, डीएनए जुळले आणि पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. २०१४ मध्ये शहराने त्यांना ४ कोटी १० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. या बातम्यांतून वंशाचा उल्लेख तेवढा गाळला असता तरी काय उरले असते? लांडगे उरलेच असते, आणि ते कोणत्या वस्तीतले हे पत्त्यांवरून प्रत्येक वाचकाला कळले असते. जनावरांच्या उपमा, वस्तीचे नाव, आईवडिलांच्या संसाराचा तपशील, बळी गेलेल्याच्याच जुन्या गुन्ह्यांची उजळणी, या गोष्टी वंशाचे काम शब्दाविना करतात. त्यांच्यासाठी पुस्तकात सर्वसाधारण सावधगिरीचे सल्ले सापडतात. वंशाच्या उल्लेखाबाबत आहे तसा हातात धरून वापरता येईल असा नियम सापडत नाही.

याहून जुने उदाहरण फ्लोरिडातील ग्रोव्हलँडचे. १९४९ मध्ये चार कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचा आरोप आला. ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, प्रकरण जात असतानाच ऑर्लँडोच्या ‘सेंटिनेल’ने पहिल्या पानावर चार रिकाम्या विजेच्या खुर्च्यांचे व्यंगचित्र छापले. त्या वृत्तपत्राने २०१९ मध्ये संपादकीय लिहून माफी मागितली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने चौघांनाही दोषमुक्त केले, पण तोवर चौघांपैकी कोणीही हयात नव्हते. व्यंगचित्राला स्टाइलबुक लागू होत नाही, एवढेच मला येथे नोंदवायचे आहे.

छायाचित्रांची गोष्ट तर एपीच्या घरातलीच आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली असताना दोन छायाचित्रे एकाच वेळी फिरली. एकात छातीभर पाण्यातून सामान घेऊन चाललेला कृष्णवर्णीय तरुण होता आणि एपीच्या चित्रओळीत त्याने किराणा दुकान लुटल्याचे म्हटले होते. दुसऱ्यात तशाच पाण्यातून तसेच सामान नेणारे श्वेतवर्णीय स्त्री-पुरुष होते आणि ते देणाऱ्या दुसऱ्या वृत्तसंस्थेच्या चित्रओळीनुसार त्यांना पाव आणि सोडा ‘सापडला’ होता. संताप उसळल्यावर एपीने खुलासा केला, की छायाचित्रकाराने त्या तरुणाला दुकानात शिरून वस्तू घेताना प्रत्यक्ष पाहिले होते. दुसऱ्या छायाचित्रकाराचे म्हणणे होते, की सामान दुकानातून वाहत बाहेर आले होते. दोन्ही खुलासे खरे मानायला मी तयार आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते. दोन संस्थांच्या दोन प्रामाणिक चित्रओळी शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या आणि त्यांचा मिळून एक वंशविद्वेषी अर्थ तयार झाला. एकेक वाक्य तपासणाऱ्या पुस्तकाच्या हाती असला अर्थ लागत नाही. संपूर्ण पान, संपूर्ण आठवडा समोर ठेवून पाहणारा माणूसच तो पकडू शकतो. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले कृष्णवर्णीय माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचे मगशॉट मुखपृष्ठासाठी गडद केले आणि त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र न बदलता छापले, तेव्हाही ते केवळ शेजारी मांडले गेल्यामुळे लोकांच्या लक्षात आले.

बातमीची निवड हा सर्वांत मोठा भाग तर पुस्तकाच्या कक्षेबाहेरच राहतो. कोणत्या खुनाला पहिले पान मिळते, कोणत्या बेपत्ता मुलीचा चेहरा आठवडाभर दूरचित्रवाणीवर फिरतो, कोणत्या वस्तीतला गोळीबार आतल्या पानावरच्या एका परिच्छेदात मावतो, हे सकाळच्या बैठकीत ठरते आणि तेथे स्टाइलबुक कोणी उघडत नाही. डेट्रॉइट आणि न्यूअर्कच्या दंगलींनंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्येच सांगून ठेवले होते, की अमेरिकी वृत्तमाध्यमे गोऱ्यांच्या जगातून बाहेर पाहत बातम्या देतात. वृत्तव्यवसायातील संपादकीय नोकऱ्यांत कृष्णवर्णीय ५ टक्क्यांहून कमी, आणि संपादक वा पर्यवेक्षकांच्या जागांवर १ टक्क्याहूनही कमी असल्याची नोंद त्या अहवालात आहे. बैठकीत कोण बसते यावर बातमीची निवड ठरते, हे त्या अहवालाने ओळखले होते. स्टाइलबुकला याबद्दल दोष देणे कदाचित अन्यायाचे होईल, पण ते विकत घेतल्याने वृत्तकक्षाचा वंशविषयक प्रश्न सुटला असे समजणाऱ्या व्यवस्थापनांना तरी हे सांगायलाच हवे.

आणखी एक अडचण गेल्या काही वर्षांत तीव्र झाली आहे, आणि तिच्याशी हे पुस्तक पुरेसे झुंजत नाही. वंश न लिहिणे ही सुरक्षित बाजू आहे, असे त्याचे गृहीतक आहे. पण वृत्तपत्र गप्प राहिले की ती जागा आता अफवा भरून काढते. कोलोनमध्ये २०१५च्या अखेरच्या रात्री स्त्रियांवर झालेल्या हल्ल्यांनंतर जर्मन माध्यमांवर माहिती दडवल्याचा आरोप झाला. ड्रेस्डेनच्या एका दैनिकाने २०१६ मध्ये तर संशयिताचे राष्ट्रीयत्व, तो जर्मन असला तरी, दरवेळी छापायचे ठरवले, आणि जर्मन प्रेस कौन्सिलने मार्च २०१७ मध्ये आपला निकष बदलून ‘रास्त सार्वजनिक हित’ ही कसोटी आणली. जुलै २०२४ मध्ये इंग्लंडच्या साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर मुस्लिम निर्वासित असल्याची थाप समाजमाध्यमांवर पसरली आणि मशिदीवर हल्ल्यापासून दंगली सुरू झाल्या. तो प्रत्यक्षात कार्डिफमध्ये जन्मलेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटिश पोलिसांसाठी नवी मार्गदर्शक सूचना निघाली, की गाजलेल्या प्रकरणांत आरोप ठेवला गेल्यावर संशयिताचा वंश आणि राष्ट्रीयत्व जाहीर करण्याचा विचार करावा. मला हा बदल धोक्याचा वाटतो, कारण एकदा दरवेळी सांगण्याची प्रथा पडली की न सांगणे हेच लपवणे ठरते आणि प्रत्येक गुन्हा त्या त्या समाजाच्या खात्यावर जमा होऊ लागतो. तरीही, अफवा हजारो लोकांपर्यंत पोचलेली असताना ती खोडण्यासाठी खरी ओळख द्यावी की नाही, या प्रश्नावर संपादकाला ठोस पायऱ्या हव्या असतात. अशा वेळी मी तरी ओळख द्यावी, पण ती अफवेच्या खंडनाच्या बातमीत द्यावी, गुन्ह्याच्या बातमीत नव्हे, असे म्हणेन. हा भेद पुस्तकाने करून द्यायला हवा होता.

मराठी वृत्तकक्षाला यातले काय घेता येईल? गोवा, मुंबई आणि पुण्यातील अमली पदार्थांच्या बातम्यांत ‘नायजेरियन’ हा शब्द मथळ्यात येतो, आणि पुष्कळदा आफ्रिकेतल्या कोणत्याही देशाच्या माणसासाठी येतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये गोव्यात पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाल्यावर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली होती. खून त्यांच्यातल्याच एकाचा झाला होता, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. ‘हाच उल्लेख तुम्ही गोऱ्या पर्यटकाबाबत मथळ्यात केला असता का?’ ही सर्व वंशांना सारखी लागू होणारी कसोटी येथे थेट वापरता येते. दुसरे ठिकाण ‘पारधी टोळी जेरबंद’ या मथळ्याचे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांची त्या शिक्क्यातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने सुटका झाली, मथळ्यांतून अजून झालेली नाही. पोलीस ठाण्याच्या पत्रकात जमातीचे नाव असते म्हणून ते बातमीत येते, आणि पत्रकात का असते हे कोणी विचारत नाही. जात, धर्म किंवा समाज यांवरून ओळख देणे सामान्यतः टाळावे, असे भारतीय प्रेस परिषदेची आचारसंहिताही सांगते. परंतु तिच्यात तत्त्व आहे, आणि एपीकडे रात्री अकराला वाक्यावर चालवता येईल अशी पद्धत आहे. ‘तपशीलवार वर्णन नसेल तर समूहाचे नाव नाही, अटक झाल्यावर तर नाहीच’ एवढी एक ओळ उचलून मराठी डेस्कवर लावली, तरी असे पुष्कळसे मथळे त्याच दिवशी बदलतील.

खरेदीविषयी थोडे सांगतो. छापील आवृत्ती आता दोन वर्षांतून एकदा येते आणि तिची वर्णानुक्रमे मांडणी शिकणाऱ्याला सोयीची आहे. पण वंश आणि गुन्हा यांविषयीच्या सूचना मधल्या काळातही बदलत असल्यामुळे काम करणाऱ्या डेस्कने ऑनलाइन वर्गणीच घ्यावी. तिच्यात नवे बदल लगेच दिसतात आणि संपादकांना प्रश्न विचारण्याची सोयही आहे. वर्गणी डॉलरमध्ये असल्याने जिल्हा दैनिकाला ती जड वाटू शकते. अशा वेळी वंश आणि फौजदारी न्याय ही दोन प्रकरणे एका उपसंपादकाने नीट वाचून त्यांचा मराठी टिपणवजा सारांश गुन्हे बातमीदारांना द्यावा. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी छापील प्रत ग्रंथालयात मागावी. पुढच्या आवृत्तीत छायाचित्रे आणि चित्रओळींसाठी वेगळे प्रकरण, अफवेच्या प्रसंगी ओळख देण्याची पायरीवार पद्धत आणि जुन्या ऑनलाइन बातम्यांची दुरुस्ती, या तीन गोष्टी याव्यात, अशी माझी अपेक्षा आहे.